आण्णांच्या पायाची लाली

डॉक्टर म्हणाले, दोन बोटं. मी म्हणाले, आठ दिवस.

घडलं ते एवढंच. पुढं सांगणार आहे ते या दोन वाक्यांच्या मधलं आणि नंतरचं आहे, आणि ते ऐकून कुणी मला समजून घ्यावं अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. समजून घेणारे पुष्कळ येऊन गेले. "तू काय मुद्दाम केलंस व्हय?" म्हणतात, चहा पितात आणि जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवतात. तो हात झटकून टाकावासा वाटतो. अजून एकदाही झटकला नाही, कारण मागं आई उभी असते.

मी दीप्ती. वय बत्तीस. इथं कोल्हापुरातच एका प्रयोगशाळेत पाच वर्षं पीएच.डी. करते आहे. माझा विषय असा: रक्तवाहिन्यांच्या अस्तरात पर्लेकन नावाचा एक रेणू असतो, त्याच्यामुळं नव्या रक्तवाहिन्या कशा फुटतात आणि कशा थांबतात. मला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं हे वाक्य मी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा पाहुणे पोह्यांकडं बघायला लागले.

विषय समजून घेतला तो एकट्या आण्णांनी. आण्णा म्हणजे माझे वडील, जयसिंग. एसटीत तीस वर्षं कंडक्टर, आणि त्यातली बरीचशी वर्षं कोल्हापूर–आजरा गाडीवर. पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी कंटाळून सांगितलं होतं, लहान मुलाला सांगतात तसं.

"रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नसते, आण्णा. आतल्या बाजूनं पेशींचा थर असतो आणि त्या पेशी एका पातळ अस्तरावर बसलेल्या असतात. त्या अस्तरात हा रेणू. मोठ्या मायक्रोस्कोपखाली मोत्यांच्या माळेसारखा दिसतो. त्याच्या एका टोकाला साखरेच्या लांबलांब शेपट्या असतात. नवी रक्तवाहिनी पाहिजे असली की वाढीचं एक प्रथिन येतं. या शेपट्या त्याला धरून ठेवतात आणि बरोबर पेशीच्या हातात देतात. मग पेशी पुढं सरकतात, नवी फांदी फुटते. पण त्याच माळेचं दुसरं टोक तुटून सुटं झालं, की उलटं काम करतं. वाढ थांबवतं."

आण्णांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली. "म्हंजे कंडक्टरच की ह्यो," ते म्हणाले. "पाशिंजर धरून ठेवायचा, त्याचा स्टॉप आला की उतरवायचा. डबल बेल मारली की गाडी सुटती, सिंगल मारली की थांबती. दोरी येकच."

 पाच वर्षांत माझा विषय इतक्या नेमकेपणानं कुणी सांगितला नव्हता, माझ्या गाईड निशिगंधा मॅडमनीसुद्धा नाही. त्या दिवसापासून मी सकाळी गाडी बाहेर काढली की आण्णा खिडकीत यायचे. तिकिटाला भोक पाडायचा त्यांचा जुना लोखंडी पंच अजून त्यांच्याजवळ होता. त्यानं खिडकीच्या गजावर दोनदा टण टण वाजवायचे आणि ओरडायचे, "जाऊ द्या, पुढं!" गल्लीतल्या बायका हसायच्या. मला त्या वेळी लाज वाटायची.

माझं काम अंड्यांवर चालतं. कोंबडीच्या फलित अंड्यात कवचाखाली एक पातळ पडदा असतो आणि त्यात वाढणाऱ्या पिल्लाच्या रक्तवाहिन्यांचं जाळं पसरतं. अंडी पेठ वडगावच्या हॅचरीतून आणायची, उबवणीच्या पेटीत ठेवायची, तिसऱ्या दिवशी कवचाला नखाएवढी खिडकी पाडून वर चिकटपट्टी लावायची. आठव्या दिवशी त्या खिडकीतून पडद्यावर औषधात भिजवलेली टिकलीएवढी कागदाची चकती ठेवायची. अकराव्या दिवशी चकतीभोवती किती नव्या वाहिन्या आल्या ते आखीव कागद लावून मोजायचं. मध्ये तीन दिवस. हॅचरीतला गुंडू दर वेळी अंड्यांचा ट्रे हातात देताना म्हणायचा, "ताई, आमी पिल्लं काढतोय आनि तुमी भोकं पाडताय. कोंबड्या शाप देतील बगा."

चार वर्षं तो शाप लागल्यासारखंच चाललं होतं. कधी बुरशी, कधी वीज गेली म्हणून पेटी थंड, कधी ट्रे मांडीवर धरून आणताना खड्ड्यात निम्मी अंडी तडकलेली. यंदा एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी मी खिडकीवरची पट्टी काढली आणि खुर्चीत बसूनच राहिले. ज्या सहा अंड्यांत माळेचं पुढचं, शेपट्यांचं टोक आणि वाढीचं प्रथिन घातलं होतं, त्या सहाच्या सहा अंड्यांत रक्तवाहिन्या चारी बाजूंनी चकतीकडं धावत आल्या होत्या, सायकलच्या चाकात तारा असतात तशा. आणि ज्यांत वाढ थांबवणारं मागचं टोक घातलं होतं, त्यांत चकतीभोवती नुसतं रिकामं मैदान. मी मायक्रोस्कोपवर डोळे टेकून रडले. निशिगंधा मॅडम मागून आल्या, त्यांनी बघितलं, आणि म्हणाल्या, "छान आहे. तीनदा रिपीट कर, मग रड."

तो फोटो आण्णांनी माझ्याकडून मागून घेतला आणि मोबाइलच्या पडद्यावर लावला. विहारात येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "पोरीनं अंड्यात रगात उगवलंय, बगा." माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा आठवडा होता. त्या आठवड्याच्या शेवटी चौदा एप्रिल आली.

जयंतीला आमच्या गल्लीतल्या विहारासमोर सकाळी झेंडा लागतो. वंदना होते, मग भाषणं. वंदनेला चपला काढायच्या, आणि विहारासमोरचं अंगण शहाबादी फरशीचं. यंदा पाहुणे उशिरा आले, आणि आले ते बोलायचे थांबेनात. साडेअकरा झाले, बारा झाले. फरशी अशी तापली की माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागली, हळूहळू मांडवाच्या सावलीत सरकली. आण्णा तेवढे पांढऱ्या शर्ट-पँटीत झेंड्याजवळ उभे राहिले. दीड तास. जागचे हलले नाहीत. माईकवरून कुणीतरी म्हणालं, "जयसिंगरावांकडं बघा. निष्ठा म्हणतात ती याला." टाळ्या पडल्या. मी सावलीत उभी राहून फोटो काढला. अभिमानानं छाती भरून आली होती, हे आता सांगताना जीभ जड होते.

आण्णांना चौदा वर्षं शुगर आहे. पावलं बधिर झाली आहेत. चपलेतून पाय निसटला तरी त्यांना कळत नाही, चार पावलं तसेच पुढं जातात आणि आई मागून चप्पल घेऊन येते. हे मला माहीत होतं. याला काय म्हणतात तेही मला माहीत होतं, परीक्षेत त्यावर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं आहे. तरी मला ते फरशीवर उभे असलेले दिसले ते निष्ठेनं. पाय भाजतोय हे त्या माणसाला कळतच नाही, हा विचार त्या अंगणातल्या दोनशे माणसांपैकी एकाच्या जरी डोक्यात यायला हवा होता, तर तो माझ्या.

तळव्याला फोड आला, फुटला. "दुखत न्हाय की," म्हणून आण्णांनी वर मोजा चढवला आणि आम्हाला दाखवलाच नाही. मे महिन्यात आईला वास आला तेव्हा उजव्या पायाची शेवटची दोन बोटं काळी पडली होती.

हॉस्पिटलात डॉक्टर विजयसिंह म्हणून होते. पन्नाशीचे, गडी उंचापुरा, बोलणं रोखठोक. त्यांनी घोट्याजवळ बोटं ठेवून नाडी बघितली, पायाचा एक्स-रे बघितला आणि आण्णांच्या कॉटवर टेकले.

"हे बघा पावणं, नाडी लागतीय. म्हंजे वरनं रक्त घोट्यापर्यंत चांगलं येतंय. पण बोटांच्या हाडात पू गेलाय. ही दोन बोटं उद्या सकाळी काढू. महिन्याभरात तुम्ही चालत घरातनं विहारापर्यंत जाल."

आण्णांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. "दीपे, तू बोल. तुजाच इषय हाय की ह्यो."

शेजारच्या कॉटवरचे लोकही माझ्याकडं बघायला लागले. इतकी वर्षं माझ्या विषयाचं कुणाला काही नव्हतं, आणि आता अख्खी खोली वाट बघत होती.  "डॉक्टर, मोठी वाहिनी मोकळी आहे म्हणजे बारक्या वाहिन्या नव्यानं फुटू शकतात ना?"

"फुटतात की. पण पू थांबत नाही त्यांच्यासाठी. वेळ नाही, ताई."

"बोटं न्हाईत तर मानूस तोल कसा सांबाळनार?" आण्णा एकदम म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. आण्णांचा आवाज कापताना मी पहिल्यांदा ऐकला. "तीस वर्सं आजऱ्याच्या वळनांनी न धरता हुबा ऱ्हायलोय मी गाडीत. ते सगळं बोटांवर असतंय. डॉक्टरसायेब, पोरगी म्हनंल तसं."

आणि मी म्हणाले, आठ दिवस. आठ कुठून आले? अंड्यात तीन दिवस लागतात. आण्णांचं वय एकसष्ट, शुगर आहे, म्हणून मी तिनाचे आठ केले, आणि वर मला असंही वाटलं की आपण फार जपून बोलतो आहोत. डॉक्टरांनी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्यांनी कागद पुढं केला. स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत, असं त्यावर छापलेलं होतं. सही माझी आहे.

घरी मी खोली प्रयोगशाळेसारखी केली. रोज सकाळी हात धुऊन, हातमोजे घालून पट्टी सोडायची, जखम धुवायची, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळच्या वेळी द्यायच्या. आणि मोजायचं. प्रयोगशाळेतून मी तोच आखीव पारदर्शक कागद आणला होता. दुसऱ्या दिवशी जखमेच्या कडेला मला लाली दिसली. काळ्या बोटांच्या मागं पावलावर एक तांबूस पट्टा, चार मिलिमीटर.  मी वहीत लिहिलं: चार. तिसऱ्या दिवशी सात. चौथ्या दिवशी अकरा.

"आण्णा, येतायत," मी म्हणाले. "कडेनं रक्त येतंय. लाल दिसतंय बघा." मी मोबाइलवर फोटो काढून त्यांना दाखवला.

आण्णांनी तो अंड्याच्या फोटोशेजारी धरून बघितला. "तसंच दिसतंय की ग." त्यांनी उशीखालचा पंच काढला आणि कॉटच्या नळीवर दोनदा वाजवला. "जाऊ द्या, पुढं!"

आईनं, शेवंताबाईंनी, आयुष्यात मायक्रोस्कोप बघितलेला नाही. तिनं पावलावर हात ठेवला आणि म्हणाली, "दीपे, पाय ऊन लागतोय मला. तापल्यागत."

"रक्त यायलंय म्हणून ऊन लागतोय, आई."

"न्हाय, तसं न्हाय. बाळतपनात छातीत गाठ झाल्ती तवा असंच ऊन लागायचं. मला बरं दिसंना हे."

"तुला काय कळतंय त्यातलं? मी मोजतो ना रोज?"

आईनं हात काढून घेतला. चूल आवरायला गेली ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, रुसली. मनात असंही आलं की शिकलेली मुलगी असल्यावर आईबापांना थोडं हे सोसावं लागतंच. पाचव्या दिवशी लाली सव्वीस मिलिमीटर झाली आणि माझा आखीव कागद कमी पडायला लागला. मी त्याला दुसरा तुकडा चिकटपट्टीनं जोडला. तो जोडताना मी गाणं गुणगुणत होते.

सहाव्या दिवशी दुपारी आण्णांना हुडहुडी भरली. चार चादरी घातल्या तरी कॉट हलत होती. मग ते गाडीतले थांबे ओरडायला लागले, गडहिंग्लज, कागल, निपाणी, एकाचं नाव दुसऱ्याच्या जागी, आणि मला म्हणाले, "बाई, सुट्टे काडा." त्यांनी मला ओळखलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा लाली पोटरीच्या वर गेली होती. "हे कधीपासनं आहे?" त्यांनी विचारलं. मी वही पुढं केली. सगळी नोंद होती माझ्याकडं, तारीख, वेळ, आकडे, एकही दिवस चुकवला नव्हता. अगदी त्या क्षणीही त्या वहीच्या नीटनेटकेपणाचा मला थोडासा अभिमान वाटला. हे लपवून मला काही मिळणार नाही.

त्यांनी पानं उलटली. "चार. सात. अकरा. काय मोजलंय हे?"

"लाली. कडेनं नव्या रक्तवाहिन्या येत होत्या, त्या."

 डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "ताई, ही इन्फेक्शनची लाली. पू वर चढताना कातडी अशी होते. रोज किती चढला ते तुम्ही मिलिमीटरमध्ये लिहून ठेवलंय." मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं, शिकवणाऱ्या माणसाला सवय असते तसं, न राहवून. "सातला आला असता, तरी पाऊल वाचलं असतं. अकराला आला असता तरी बहुतेक गुडघा ठेवला असता."

सव्विसावर त्यांचं बोट आलं आणि त्यांनी वही मिटली. त्याच दुपारी आण्णांचा उजवा पाय मांडीतून काढला.

चार दिवसांनी मी प्रयोगशाळेत गेले. कशाला गेले माहीत नाही, बहुतेक हॉस्पिटलच्या बाकावर बसवेना म्हणून. टेबलावर माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण तपासून ठेवलेलं होतं. एक्केचाळिसाव्या पानावर मी स्वतः लिहिलेलं होतं की मधुमेहात रक्तवाहिन्यांचं अस्तर जाड होतं, पण त्या माळेच्या साखरेच्या शेपट्या कमी होतात. वाढीचं प्रथिन आलं तरी त्याला धरून ठेवायला कुणी उरत नाही. म्हणून अशा रुग्णांच्या जखमांत नव्या रक्तवाहिन्या नीट फुटत नाहीत. रक्तभर साखर, आणि जिथं हवी तिथलीच गळून गेलेली. परिच्छेदाच्या बाजूला मॅडमनी लाल पेनानं बरोबरची खूण केली होती आणि लिहिलं होतं, 'उत्तम.' मी तो परिच्छेद जानेवारीत टाइप केला होता. तेव्हा आण्णा शेजारच्या खोलीत बसून पायाची नखं काढत होते.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला एक फोन करायचास, दीप्ती," त्या म्हणाल्या. "अंड्यातल्या पिल्लाला शुगर नसते ग." एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी मला जवळ घेतलं, आणि त्यांच्या खांद्यावरून मला उबवणीच्या पेटीतला दिवा दिसत होता. तिसऱ्या रिपीटची अंडी आत होती. ती नंतर मोजली. सहाच्या सहा अंड्यांत चकतीभोवती तारा उभ्या राहिल्या होत्या. माझा प्रयोग खरा आहे. त्यात काहीही चूक नाही.

आईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. हॉस्पिटलच्या आवारात नळावर ती डबा धूत होती. मी म्हणाले, "आई, तू म्हणालीस तेच खरं होतं. ती लाली म्हणजे पू होता. मी रोज बघत होतो आणि खूश होत होतो. आण्णांना सांगायला पायजे."

आईनं नळ बंद केला. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "त्यास्नी सांगू नगंस. पाय गेलाय ते सोसत्याल. पोरीनं घालवला म्हनून कळलं तर पोरगी बी गेली त्यांची. त्यांच्याजवळ आता दुसरं काय हाय?"

"आणि तुझं काय, आई?"

"माजं मी बगतो," ती म्हणाली, आणि डबा घेऊन जिना चढायला लागली.

म्हणून सांगितलं नाही. आण्णा शुद्धीवर आले, त्यांनी चादर उचलून बघितली, भिंतीकडं तोंड करून एक दिवस पडून राहिले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी भेटायला आलं तर त्यांना सांगायला लागले, "पोरीनं लय केलं बगा. सहा दिस तिनं एकटीनं पाय धरून ठेवलाता. लाल झाल्ता सगळा, रगात यायला लागल्तं. आमचंच नशीब खोटं, मधीच ताप आला." मी शेजारी मोसंबी सोलत बसले होते. त्या मोसंबीची साल मी इतकी बारीक बारीक फाडली की मांडीवर भुगा झाला.

जूनमध्ये त्यांना घरी आणलं. ऑपरेशनच्या वेळी हृदयालाही धक्का बसला होता. मांडीची जखम भरत नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी तिची कड काळी पडायला लागली. या वेळी मी काही मोजलं नाही, काही ठरवलं नाही, रिक्षा करून थेट डॉक्टर विजयसिंहांकडं घेऊन गेले. त्यांनी तपासलं, हृदयाचा कागद बघितला आणि मला बाहेर बोलावलं. "आता आणखी वर कापायचं तर हृदय झेपणार नाही," ते म्हणाले. "घरी न्या. सेवा करा. दुखलं तर औषध आहे." मी त्यांना विचारलं नाही, किती दिवस. दिवसांचा आकडा पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाही.

काल संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी पट्टी बदलत होते. खिडकीतून ऊन कॉटवर आलं होतं. आण्णा खूप वाळले आहेत, मिशी तेवढी मोठी दिसते. आईनं मांडीच्या टोकापाशी हात ठेवला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "गार लागतोय."

"हो, आई," मी म्हणाले.

"मोज की, दीपे," आण्णा म्हणाले. "आल्यापासनं येकदा बी मोजलं न्हाईस."

मी आईकडं बघितलं. तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं आणि मोज म्हणून मान हलवली. मी कपाटातून तो आखीव कागद काढला, मेमध्ये जोडलेला तुकडा अजून त्याला तसाच चिकटलेला होता. कागद जखमेवर धरला. आता मला कळतं मी काय मोजते आहे. लालीचा तिथं मागमूस नव्हता. काळी कड कातडीवरून वर सरकत चालली होती, स्पष्ट, सरळ रेषेत, मोजायला अगदी सोपी.

"किती?"

"एकोणीस, आण्णा."

"वाढलंय?"

"वाढलंय."

आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उशीखाली चाचपून पंच काढला. हाताला जोर नव्हता, पहिला फटका नळीवरून घसरला. आईनं त्यांच्या मनगटाखाली हात धरला. मग त्यांनी नीट, एकामागं एक, दोनदा वाजवलं.